सोलापूरहून आंबोलीला: पावसाळी जंगलातली रात्रफेरी कशी करावी

सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस झाला तरी बरं साल म्हणतात. आंबोलीत तेवढा पाऊस जुलैतल्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडून जातो. वर्षाची सरासरी ७,००० मिमीच्या आसपास जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर, सावंतवाडी तालुक्यात, घाटमाथ्यावर हे गाव आहे. भोवतालचं जंगल सदाहरित आणि निमसदाहरित. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा अशी बुटकी, दाट झाडं आणि त्यांच्या खोडांवर शेवाळ, नेचे, आमरी यांचा थर. खऱ्या पर्जन्यवनात रात्री चालायचं असेल, तर सोलापूरकरांसाठी सोयीच्या ठिकाणांत आंबोलीचं नाव वरचं आहे.

माळरानाची सवय असलेल्या माणसाला इथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. आपली नजर लांब जाते. नान्नजच्या माळावर अर्ध्या किलोमीटरवरचं काळवीट आपण सहज टिपतो. आंबोलीच्या जंगलात रात्री जे दिसतं ते हाताच्या अंतरावर असतं: पानाच्या खालच्या बाजूला, सालीच्या भेगेत, डबक्याच्या काठाला. लांब झोत टाकत भराभर चाललात तर तीन तासांत ओली झाडं सोडून काही दिसणार नाही. तीन तासांत एक किलोमीटर, हा चांगला वेग आहे. पुढची सगळी तयारी या संथपणासाठीच आहे.

कधी जायचं

जूनचा दुसरा आठवडा ते सप्टेंबरअखेर. बेडकांसाठी जून आणि जुलै सर्वांत चांगले, कारण पहिल्या सरींबरोबर त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. आंबोली टोड हा छोटा भेक २००९ साली शास्त्रीय नोंदीत आला. जांभ्या खडकावर पहिल्या पावसाने साचलेल्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो. उशिरा गेलात तर तो दिसण्याची शक्यता कमी होत जाते. जगात त्याचं वास्तव्य फार थोड्या जागेपुरतं आहे आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. साप, विंचू आणि चमकणारी बुरशी यांसाठी ऑगस्ट-सप्टेंबरही चालतो.

शनिवार-रविवार टाळा. धबधब्याच्या गर्दीने घाटरस्ता तुंबतो आणि रात्रीपर्यंत गाड्यांचे आवाज चालू राहतात. मंगळवार ते गुरुवार उत्तम. अमावास्येच्या आसपासच्या रात्री पतंग आणि किडे जास्त दिसतात, पण पावसाळ्यात ढगच इतके असतात की चंद्राची फार चिंता करू नका. पावसाचा जोर मात्र बघायचाच. दिवसभर पडून संध्याकाळी रिपरिप राहिली, की ती रात्र सोन्यासारखी. धो धो पाऊस चालू असताना बेडकांचे आवाज ऐकू येत नाहीत, साप आडोशाला जातात आणि ओढे अचानक फुगतात. म्हणूनच मुक्काम दोन रात्रींचा ठेवा. एक रात्र पावसाने खाल्ली तरी दुसरी हातात राहते.

प्रवास

सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. पुढे निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, थांबे धरून आठ तास. एसटीने जायचं तर आधी कोल्हापूर गाठा आणि तिथून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला जाणारी गाडी पकडा. आठ तास गाडी हाकून त्याच रात्री जंगलात शिरू नका. दमलेल्या माणसाचा पाय घसरतो आणि त्याचं लक्ष उडतं. पहाटे निघून दुपारी पोहोचा, दोन तास झोपा, मग चाला. ते जमणार नसेल तर फेरी दुसऱ्या रात्री करा.

आजऱ्यापासून पुढे अंधारात गाडी चालवायची वेळ आलीच, तर वेग ३० च्या आत ठेवा. पावसाळी रात्री बेडूक रस्त्यावर येतात आणि चाकाखाली चिरडून मरतात. गाडीत बसून दिव्याच्या उजेडात प्राणी शोधत हिंडणं हा प्रकार तर करूच नका.

गाईड कसा निवडायचा

गाईडशिवाय रात्री जंगलात जायचं नाही, यात सूट नाही. या पट्ट्यात गवे भरपूर आहेत, अस्वल आहे, बिबट्या आहे आणि आजरा-चंदगडच्या बाजूला हत्तींचा वावर आहे. शिवाय कायद्याचा प्रश्न आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि आंबोली-दोडामार्ग हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. कुठला रस्ता सार्वजनिक, कुठली जमीन खासगी, कुठे वनखात्याची परवानगी लागते, हे स्थानिक माणसालाच ठाऊक असतं.

पैसे देण्याआधी फोनवर पाच गोष्टी विचारा. एका फेरीत किती माणसं नेता? सहा ते आठ ठीक, पंधरा म्हणाला तर नको. वाट कोणती आणि परवानगी कुणाची? जोराचा पाऊस झाला तर दुसरा दिवस देता का? गाडी किती जवळ उभी असते? आणि सर्वांत महत्त्वाचं: साप पकडून दाखवता का? उत्तर हौसेने ‘हो’ आलं तर तिथेच थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य साप पकडणं गुन्हा आहे. शिवाय हाताळलेला साप बिथरतो आणि पुढच्या माणसाला चावू शकतो. मोबाइलवर बेडकाचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारा गाईडही टाळा. विणीच्या दिवसांत नर रात्रभर ओरडून शक्ती खर्च करतो. खोट्या प्रतिस्पर्ध्याला उत्तर देण्यात ती वाया घालवायला लावणं बरं नाही. चांगला गाईड कमी दाखवतो, पण जागेवर, न हलवता दाखवतो.

अंगावर काय, पिशवीत काय

पायात गमबूट, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे. शेतीचं साहित्य किंवा बांधकामाचे सेफ्टी बूट विकणाऱ्या दुकानांत मिळतात. नेहमीपेक्षा एक नंबर मोठे घ्या, कारण आत जाड लोकरी किंवा नायलॉनचे मोजे घालायचे आहेत. सुती मोजे ओले झाले की टाच सोलतात. नवे बूट घरी दोन-तीन संध्याकाळी वापरून बघा. सँडल, चप्पल, कॅनव्हासचे बूट चालत नाहीत. जांभ्यावरचं ओलं शेवाळ कुठल्याही बुटाला दगा देतं, म्हणून पाय सपाट टाकायचा आणि वजन हळू सोडायचं.

जीन्स नको. भिजली की जड होते, वाळत नाही आणि आंबोलीच्या गारव्यात मांड्या गारठवते. पातळ नायलॉनची पँट आणि पूर्ण बाह्यांचा मळखाऊ रंगाचा शर्ट घाला. पांढऱ्या कपड्यांवर उजेड पडला की पतंग येऊन बसतात. रेनकोट मऊ कापडाचा हवा. कडक प्लास्टिकचा रेनकोट प्रत्येक पावलाला खरखरतो आणि त्या आवाजात बारीक बेडकांचे आवाज बुडून जातात. छत्री वाटेत अडकते, ती मुक्कामावर ठेवा.

उजेडासाठी दोन साधनं लागतात: डोक्याला बांधायची बॅटरी आणि हातातली बॅटरी. दोन्ही २०० ते ३०० ल्युमेनच्या पुरतात. जास्त प्रखर उजेडाने प्राणी दिपतात आणि तुमचेही डोळे. डोक्याच्या बॅटरीला लाल उजेडाची सोय असली पाहिजे. सेलचा एक जादा संच झिपच्या पिशवीत ठेवा. पावसाळ्यात आंबोलीची वीज जाते, म्हणून चार्जिंगच्या भरवशावर राहू नका. तिसरं साधन हौसेचं, पण घ्याच: अतिनील बॅटरी. ३६५ नॅनोमीटरची महाग पण चांगली. ३९५ ची स्वस्त, पण तिचा जांभळा उजेड स्वतःच इतका दिसतो की विंचवाची चमक फिकी पडते.

बाकी किरकोळ: पाण्याची छोटी बाटली, शिटी, चिकटपट्ट्या, अँटिसेप्टिक, जुनं एटीएम कार्ड (कशाला, ते पुढे येईल), दोन सोलापुरी टॉवेल. मुक्कामाच्या खोलीत अंथरूण दमट लागतं, तेव्हा घरची चादर बरोबर असू द्या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी या हवेसाठी उत्तम शिदोरी आहे, फक्त भाकरी हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वातड होते. वाटेवर मात्र काही खायचं नाही.

अत्तर, डिओ, घमघमणारं तेल लावून जाऊ नका. डास पळवणारं मलम कपड्यांवर लावा, तळहातांवर नको. बेडकाची त्वचा पातळ असते आणि लागलेलं रसायन आत शोषून घेते.

घरी सराव

निघण्याआधी एका रात्री शेताच्या बांधावर किंवा सोसायटीच्या बागेत डोळ्याला वळण लावा. हातातली बॅटरी कानशिलाशी, डोळ्याच्या रेषेत धरा आणि पंधरा-वीस फुटांवरच्या गवतावर झोत फिरवा. हिरवट-निळसर बारीक ठिपके दिसतील, गवतावर टिकल्या सांडल्यासारखे. एका ठिपक्यावर झोत ठेवून जवळ जा, तिथे लांडगा कोळी बसलेला सापडेल. त्याच्या डोळ्यांच्या मागचा चकचकीत पडदा उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो. म्हणून बॅटरी कमरेशी धरली तर ही चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत येतच नाही.

अतिनील बॅटरीचाही सराव इथेच होतो. आपल्या भागातला लाल विंचू तिच्या उजेडात हिरवा-निळा चमकतो. त्याच्यापासून चार हात दूर राहा. आकाराने लहान असला तरी त्याचं विष जंगलातल्या मोठ्या काळ्या इंगळीपेक्षा कितीतरी घातक आहे. अभयारण्याच्या हद्दीत हा सराव करायचा नाही.

प्रत्यक्ष फेरी

जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. साडेसातला निघा, साडेदहापर्यंत परत या. निघण्याआधी वीस मिनिटं मोबाइल बंद. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन पाहिली की ती सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

गाईड पुढे, त्याच्या मागे एकेक जण दीड-दोन मीटरचं अंतर ठेवून, सर्वांत शेवटी अनुभवी माणूस. फांदी धरून तोल सावरायचा नाही, हा नियम लहान मुलांनाही निघण्याआधी पाठ करून घ्या. चापडा हा विषारी साप नेमका तिथेच असतो. ओढ्याकाठच्या झुडपांत, गुडघ्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत, फांदीला वेटोळं घालून तो तासन्‌तास हलत नाही. हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत तो आढळतो, त्यामुळे एकच रंग डोळ्यांसमोर ठेवून शोधू नका. सापाच्या डोळ्यांत ती चमक नसते. त्याला आकारावरूनच ओळखावं लागतं: पानांच्या घोळक्यात न बसणारी एखादी वळलेली, खवल्यांची रेषा. काही दिसलं तर बोट पुढे करू नका. त्या जागेभोवती झोताने हळूहळू गोल काढा आणि हलक्या आवाजात म्हणा, ‘थांबा.’

दाट धुकं उतरलं की डोक्यावरची बॅटरी निरुपयोगी होते. उजेड धुक्यावर आदळून परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी ती बंद करून हातातली बॅटरी कमरेच्या खाली, बाजूने तिरपी धरा. डोळ्यांची चमक मिळणार नाही, पण वाट आणि जवळची पानं नीट दिसतील.

बेडूक शोधणं हा या फेरीतला सर्वांत रंगणारा भाग. आवाज पायाशी येतो आणि बेडूक दिसत नाही, असं सतत होतं. उपाय साधा आहे. दोघांनी दोन मीटर अंतरावर उभं राहून, बॅटरी बंद ठेवून, आवाज कुठून येतो तिकडे हात करायचा. दोन्ही हातांच्या रेषा जिथे मिळतात, तिथे लाल उजेडात पाहायचं. उजेड पडताच बेडूक गप्प होतो. बॅटरी विझवा, दोन-तीन मिनिटं हलू नका. तो पुन्हा सुरू करतो. झुडपी बेडूक अंगठ्याच्या पेराएवढे असतात, त्यामुळे पानाच्या वरच्या बाजूबरोबर देठाजवळही बघा.

मलबार ग्लायडिंग फ्रॉग मात्र मोठा, हिरवागार, आणि बोटांमधला पडदा नारिंगी-लाल. साचलेल्या पाण्यावर झुकलेल्या फांद्या तपासा. पानांना चिकटलेला पांढरट फेसाचा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं. मादी अंड्यांबरोबरचा द्रव मागच्या पायांनी घुसळून हा फेस बनवते, त्यात अंडी ओली राहतात आणि काही दिवसांनी पिल्लं थेट खालच्या पाण्यात पडतात. फांदी वाकवली किंवा वळवली तर ती जमिनीवर पडून मरतील. म्हणून फोटोसाठीसुद्धा फांदीला हात लावायचा नाही. घरट्याखालचं डबकं किती खोल आहे हे बघायला पायही घालू नका.

मधेच एका जागी दहा-पंधरा मिनिटं सगळ्या बॅटऱ्या बंद करून बसा. हा वेळ वाया गेला असं वाटून बरेच जण उठतात आणि चमकणारी बुरशी बघायची राहून जाते. ओल्या, कुजक्या लाकडावर ती असते आणि उजेडात अगदी साधी दिसते. फोटोत ती हिरवीगार येते, डोळ्यांना मात्र फिकट राखाडी-पांढरी, म्हणून थेट तिच्याकडे न पाहता किंचित बाजूला पाहा. डोळ्याच्या कडेला मंद उजेड जास्त कळतो.

गवा समोर आला तर गाईड बोलेल तेच करायचं. साधारणपणे सगळ्यांनी थांबायचं, झोत जमिनीवर घ्यायचा आणि आल्या वाटेने हळू मागे सरायचं. त्याच्या डोळ्यांत झोत मारणं, फ्लॅश उडवणं, ओरडणं, पळणं यातलं काहीही नाही.

फोटोबद्दल थोडक्यात. मोबाइलने चांगले फोटो येतात, फक्त मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा आणि सोबत्याला बाजूने बॅटरी धरायला सांगा. एका प्राण्यावर एक-दोन मिनिटांच्या वर उजेड नको. काचेवर वाफ धरते, म्हणून कॅमेरा थंड गाडीतून काढून लगेच बाहेर आणू नका. दुर्मीळ प्राण्याचा फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका.

काय बिघडतं आणि मग काय करायचं

जळवा लागतात. त्यांना घाबरण्यासारखं काही नाही. मोज्यांवर तंबाखूचं पाणी किंवा मीठ लावण्याची पद्धत आहे, पण चिकटलेल्या जळूवर मीठ टाकू नका. ती पोटातलं जखमेत ओकू शकते. एटीएम कार्डाची कड तिच्या निमुळत्या टोकाखाली सरकवा, आधी तोंड सुटतं, मग दुसरं टोक. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, त्यामुळे नंतर बराच वेळ रक्त झिरपतं. धुवा, दाबून धरा, पट्टी लावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही फेरी करू नका.

चापडा चावला तर वेदना आणि सूज खूप येते, मृत्यू विरळा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषापासून तयार होतं, चापड्यासाठी वेगळं प्रतिविष नाही. उपचार लक्षणांवर चालतात आणि ते रुग्णालयातच होतात. म्हणून अंगठी-घड्याळ काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका, चिरणं-चोखणं-आवळून बांधणं काही करू नका आणि १०८ ला फोन करा किंवा गाडीने सावंतवाडी गाठा, अंतर सुमारे ३० किलोमीटर. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. मोबाइलची रेंज बेभरवशाची असते, त्यामुळे कुठे सिग्नल मिळतो हे गाईडला आधीच विचारून ठेवा.

पाय मुरगळणं हा सर्वांत जास्त घडणारा अपघात, आणि तो बहुधा परतीच्या शेवटच्या टप्प्यात होतो, जेव्हा सगळे गप्पा मारत झपाझप निघालेले असतात. गाडी दिसली तरी वेग तोच ठेवा.

परत आल्यावर

गमबूट आंबोलीतच ब्रशने घासून धुवा, तळव्यातला चिखल पूर्ण काढा आणि उन्हात वाळवा. बेडकांना मारणारी बुरशी ओल्या चिखलातून एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जाते. आंबोलीतल्या हिरण्यकेशी मंदिराला जाणार असाल तर हे आवर्जून करा. तिथल्या कुंडातला मासा २०२० साली नवी प्रजाती म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. सकाळी बूट घालण्याआधी उलटे करून झटका.

काखा, मांड्या, गुडघ्यामागची बाजू नीट तपासा, गोचीड असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणं यातलं काही झालं, तर सोलापुरातल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: सिंधुदुर्गात पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चाललो होतो, पायाला जखमा होत्या, किडे चावले होते. तिकडे पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण आढळतात, आपल्याकडे तो आजार चटकन डोक्यात येत नाही, आणि त्यावरचं औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं.